वडप्याच्या बांधावरचा कंद



ठाण्याहून नाशिककडे निघालात की पडघ्याच्या अलीकडे भिवंडी तालुक्यातले वडपे लागते. रस्त्यावर मालमोटारींची रीघ, आजूबाजूला गोदामेच गोदामे. पण जरा आत वळा. भाताची खाचरे, बांध आणि माळ अजून शिल्लक आहेत. या भागात मृगाचा पाऊस पडला की झाडोऱ्यात शेवळे वर येतात. आधी फूल, मागून पान. काकडाची फळे घालून केलेली त्यांची भाजी तुम्ही खाल्ली असेलच.

या शेवळाच्या मुळाशी सुरणाच्या कुळातला कंद असतो. त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, म्हणून घशाला खाज सुटते आणि तो सहसा कोणी ताटात घेत नाही. पण त्यात पिष्ट आहे. आणि पिष्टापासून इथेनॉल होते.

कसे? भाताचा घास बराच वेळ चावा, गोड लागतो. लाळेने पिष्टाची साखर होऊ लागते. कारखान्यात हेच काम विकरे करतात. कंद शिजवायचा, विकरांनी साखर करायची, यीस्टने आंबवायची, मग ऊर्ध्वपातन करून पाणी काढायचे. मोहाच्या फुलात साखर तयारच असते. कंदाला ही एक पायरी जास्त.

मग खाण्याचे धान्य सोडून असा कंद का वापरू नये? प्रश्न रास्त आहे. २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला. त्यासाठी ऊस, मका, तांदूळ लागतो. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसावर सरकारला बंधन घालावे लागले. मका तिकडे वळला की कोंबड्यांचे खाद्य महागते.

पण आधी हिशेब करू. समजा, १०० किलो ओल्या कंदात १५ किलो पिष्ट निघाले. कागदावर त्याचे सुमारे ११ लिटर इथेनॉल होते. प्रत्यक्षात त्याहून कमीच. मक्याच्या इथेनॉलला २०२४ साली लिटरला ७१ रुपये ८६ पैसे दर ठरला होता. तोच धरला तरी क्विंटलमागे सातशेच्या आसपास रुपये. त्यातून खणाई, वाहतूक, जळण, विकरे हे सारे भागवायचे. आणि कंद एकदा उपटला की पुढच्या मृगात तिथे शेवळ नाही. शेवळाच्या जुड्या बाजारात नेऊन चार पैसे मिळवणाऱ्या आदिवासी भगिनींचा हंगाम बुडाला.

म्हणून रानातला कंद खणू नका. करायचेच असेल तर पडीक तुकड्यावर लावून, वजन करून, खर्च मांडून पाहा. त्याआधी आंब्याच्या कोयींकडे बघा. त्यांच्या गरातही पिष्ट असते, आणि त्या आपण उकिरड्यावरच टाकतो. मात्र घरी भट्टी लावू नका. परवान्याशिवाय गाळणे हा गुन्हा आहे.

वडप्याच्या वाटेवर जूनमध्ये शेवळे दिसली तर फूल घ्या, कंद मातीतच राहू द्या. पुढच्या वर्षीची भाजी त्यातच आहे.