आहेर लिहिणारा माणूस

एकोडीत कुणाकडे लग्न निघालं की मांडवाच्या तोंडाशी टेबल टाकून आहेर लिहायला आमच्या काकाजींना बसवत. टपोरं अक्षर, रुपयाची चूक नाही, आणि कुणी अकरा रुपये दिले तरी कपाळाला आठी नाही. २००५ मध्ये कंपनीचा माणूस पहिल्यांदा गावात आला, तेव्हा त्याने किराणा दुकानात एकच चौकशी केली म्हणे: इथे आहेर कोण लिहितं?

कंपनीचं नाव इथे सांगत नाही. मी तेव्हा साकोलीला कॉलेजात होतो. काकाजींना मिळालेली काळी बॅग आणि पावतीपुस्तक पाहून मलाही भारी वाटलं होतं, हे कबूल करायला हवं.

योजना सोपी होती. दहा हजार भरा, सहा वर्षांनी वीस हजार घ्या. एकरकमी जमत नसेल त्याने महिन्याला शंभर भरावेत. धानाच्या मुलखात पैसा वर्षातून एकदा हातात येतो आणि पुढच्या रोवणीपर्यंत निसटून जातो. बँक साकोलीला, तिथे जायचं तर एक मजुरी बुडते, वर काउंटरवरचा बाबू अंगठेवाल्यांवर खेकसतो. काकाजी तर घरी येत, चहा पीत, पावती फाडून देत आणि आपल्या वहीतही लिहून ठेवत. ती वही आहेराचीच. मागच्या कोऱ्या पानांवर कंपनीचा हिशेब सुरू झाला होता.

२०११ मध्ये शेजारच्या आत्याबाईंचे वीस हजार आले. चेक खरा होता, वटलाही. आत्याबाईंनी घरावरची कवेलू उतरवून टिनाचे पत्रे टाकले. उन्हात ते पत्रे रस्त्यावरून चमकायचे. कंपनीच्या कुठल्याही बॅनरने केली नसेल एवढी जाहिरात त्या छपराने केली. त्या हंगामात काकाजींना कुणाच्या घरी जावं लागलं नाही. लोकच पैसे घेऊन ओसरीवर येऊन बसायचे.

एक हिशेब तेव्हा कुणीच मांडला नाही, वाणिज्य शिकलेल्या पुतण्यानेही नाही. दहा हजारांतले दोन हजार एजंटापासून वरच्या साखळीपर्यंत कमिशनमध्ये जायचे. उरले आठ. त्या आठांचे सहा वर्षांत वीस करायचे, म्हणजे अडीच पट. गाड्या, हॉटेलातले मेळावे, उत्तम एजंटाला सोन्याचं नाणं, हा खर्च वेगळाच. एवढं पीक कुठल्या बांधीत येतं? ते येतच नव्हतं. जुन्याला द्यायचे पैसे नव्याच्या पावतीतून निघत होते.

बोस्टनमध्ये १९२० साली चार्ल्स पाँझीने ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचं आमिष दाखवून हेच केलं. आंतरराष्ट्रीय टपाल कूपनांच्या खरेदी-विक्रीतून कमावतो, असं तो सांगायचा. आपल्याकडे कूपनांच्या जागी जमीन, शेळ्या, झाडं, अलीकडे कडकनाथ कोंबड्या आल्या. आणि यात खेड्यातला अडाणीच फसतो, हा समज नागपूरने खोटा ठरवला. २०१३ मध्ये श्रीसूर्या आणि २०१४ मध्ये वासनकर, या दोन गुंतवणूक कंपन्यांच्या प्रकरणांत गुन्हे दाखल झाले, तेव्हा तक्रार घेऊन आलेल्यांत शिकलेसवरलेले नोकरदार आणि पेन्शनरही होते.

सगळ्यांत मोठं प्रकरण पर्ल्स, म्हणजे पीएसीएलचं. शेतजमीन देतो म्हणत या कंपनीने सुमारे ५.८५ कोटी लोकांकडून ४९,१०० कोटी रुपये गोळा केले, असं सेबीने २२ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात म्हटलं. त्यातली खरी चटका लावणारी तारीख मात्र १९९९ ची आहे. सेबीने कंपनीला तेव्हाच हटकलं होतं. कंपनी कोर्टात गेली, राजस्थान उच्च न्यायालयात २००३ मध्ये जिंकली, आणि सेबीला चौकशीची मुभा देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१३ मध्ये लागला. मधली चौदा वर्षं वसुली चालूच राहिली. २०१६ मध्ये माजी सरन्यायाधीश लोढा यांची समिती जमिनी विकून पैसे परत करायला नेमली गेली. अर्ज ऑनलाइन भरायचा, पॅन कार्ड जोडायचं. रोवणीला जाणाऱ्या बाईने पॅन कार्ड काढायचं ते कशासाठी, हा प्रश्न अर्जात नव्हता. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा १९९९ पासून आहे. पण जप्ती, लिलाव, वाटप या वाटेने पैसा येईपर्यंत माणसं म्हातारी होतात.

आमच्या कंपनीच्या कार्यालयाला २०१४ च्या दिवाळीनंतर कुलूप लागलं. मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचे दिवस होते, गावात पाहुणे होते, आणि काकाजींच्या ओसरीवर पावत्या घेतलेले लोक. कुणी शिवी दिली नाही. त्यापेक्षा दिली असती तर बरं, असं काकू म्हणायच्या. काकाजींचे स्वतःचे पैसेही त्यातच होते, बैलजोडी विकून भरलेले. त्यांना काही ठाऊक नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण दर महिन्याला येणारं कमिशन कुठून निघतं, हेही त्यांनी नऊ वर्षांत कधी विचारलं नाही.

त्यानंतर धान विकलं की ते थोडे थोडे पैसे फेडू लागले. आधी विधवा, मग मजूर, असा त्यांचाच क्रम. लग्नात आहेर लिहायला त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी ते गेले नसते.

२०१६ च्या उन्हाळ्यात आत्याबाई ओसरीवर आल्या. त्यांनी दुसऱ्यांदा भरलेले पैसे बुडाले होते, त्यातले हजार रुपये काकाजी देत होते. मी शेजारीच बसून शहाणपणाने समजावत होतो की जुन्यांना मिळालेलं व्याज हे नव्यांचंच मुद्दल होतं. आत्याबाईंनी त्या नोटा हातात घेतल्या नाहीत.

‘‘मंग माया घरावरचे ते दहा हजार कोनाचे होते जी?’’

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग वही काढली, चष्मा पुसला आणि २०११ चं पान उघडलं. त्या महिन्यात तेवीस जणांनी पैसे भरले होते. आहेर वाचावा तशी त्यांनी एकेक नाव आणि रक्कम वाचायला सुरुवात केली. पाचव्या नावाला आत्याबाई म्हणाल्या, ‘‘थांबा जी.’’

ते नाव त्यांच्या धाकट्या जावेचं होतं.