उघडून पाहण्याची परवानगी

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्यापैकी अनेकांच्या घरी एक प्रश्न उभा राहतो : मुलांना या वर्षी काय द्यावे? नव्या कपड्यांच्या पलीकडे काही देण्याची ऐपत आपल्या पिढीला आली, ही समाधानाची बाब आहे. गेली काही वर्षे मी भाच्यांना, पुतण्यांना आणि ओळखीच्या मुलांना एकच वस्तू देत आलो आहे : इलेक्ट्रॉनिक्सचे किट, आणि तेही शक्यतो ज्याचा आराखडा सर्वांना खुला आहे असे. या निवडीमागील विचार माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझा व्यवसाय उपकरणांच्या दुरुस्तीचा. त्यामुळे बाजारातील बहुतेक खेळणी आतून कशी असतात हे मला ठाऊक आहे. रिमोटची गाडी किंवा बोलणारा रोबोट पहिल्या दिवशी सारे घर आनंदित करतो. पण त्याचे कवच चिकटवून बंद केलेले असते, आतल्या चिपवरचा क्रमांक कधीकधी खरवडून काढलेला असतो आणि सर्किटचा नकाशा कुठेही मिळत नाही. वस्तू बिघडली की माळ्यावर जाते. मुलाने ती उघडायला घेतली तर घरातील मोठी माणसे ओरडतात, "हात लावू नकोस, महागाची आहे." हे शब्द प्रेमापोटी आणि काटकसरीपोटी येतात हे खरे. तरीही 'हात लावू नकोस' या शब्दांचे ओझे आपल्या समाजाला निराळे समजावून सांगावे लागत नाही. निदान आपण दिलेल्या भेटवस्तूने तरी मुलांना ते पुन्हा ऐकवू नये, असे मला वाटते.

ओपन सोर्स हार्डवेअर म्हणजे असे उपकरण की ज्याचा आराखडा त्याच्या कर्त्यांनी प्रसिद्ध केलेला असतो. तो कोणीही अभ्यासावा, त्यात बदल करावा, त्यावरून वस्तू तयार करावी, वाटावी आणि विकावीसुद्धा, अशी लेखी मोकळीक त्यासोबत असते. याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे आर्डुइनो. इटलीतील इव्रेया या गावी डिझाइन शिकवणारी एक संस्था होती. तेथे एर्नान्दो बार्रागान या कोलंबियाच्या विद्यार्थ्याने २००३ साली आपल्या प्रबंधासाठी 'वायरिंग' नावाची प्रणाली तयार केली होती. पुढे २००५ साली मास्सिमो बान्झी, डेव्हिड कुआर्तिएलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना परवडेल असा साधा बोर्ड घडवला आणि गावातील एका बारच्या नावावरून त्याला आर्डुइनो हे नाव दिले. त्या सुमारास संस्थेचे भवितव्य अनिश्चित होते. संस्था बंद झाली तरी केलेले काम तिच्याबरोबर संपू नये, हेही आराखडा खुला करण्यामागचे एक कारण होते. ती मोकळीक दिल्यामुळेच आज आपल्याकडच्या बाजारात त्याच आराखड्यावरून बनवलेले बोर्ड काही शे रुपयांत मिळतात. आर्डुइनो हे नाव मात्र नोंदवलेले आहे. ते नाव न वापरता केलेली प्रत ही चोरी नव्हे, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

आर्डुइनो ऊनो या बोर्डाच्या प्रचलित रूपात मुख्य चिप सॉकेटमध्ये बसवलेली असते. मुलाच्या हातून ती जळली तर चिमट्याने हळूच काढून दुसरी बसवता येते. पूर्ण बोर्ड फेकावा लागत नाही. अशी चिपही काही स्वस्त बोर्डांवर कायमची चिकटवलेली असते, म्हणून विकत घेताना सॉकेट आहे की नाही हे पाहून घ्यावे.

माझी भाची आठवीत असताना मी तिला दिवाळीत पहिले किट दिले. त्यात बोर्ड नव्हता. बीसी ५४७ जातीचे काही ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, एलईडी, एक बझर, ब्रेडबोर्ड, तारा आणि नऊ व्होल्टची बॅटरी एवढेच होते. पहिल्याच संध्याकाळी तिने एलईडी थेट बॅटरीला जोडला. तो क्षणभर लखलखला आणि विझला. तिचा चेहरा उतरला. तिने विचारले, "मामा, हा किती रुपयांचा होता?"

मी म्हणालो, "दोन रुपयांचा. पिशवीत अजून एकोणीस आहेत."

मग तिने दुसरा प्रश्न विचारला : तो का जळला? लाल एलईडीला सुमारे दोन व्होल्ट पुरतात, उरलेल्या सात व्होल्टचा भार कोणीतरी घ्यायला हवा आणि रेझिस्टर तो घेतो, हे तिला तेव्हा समजले ते आजतागायत लक्षात आहे. आमच्या घरांतील मुले वस्तूच्या कारणाआधी तिची किंमत विचारतात. ती भीती दूर झाल्याशिवाय कुतूहल पुढे येत नाही. म्हणून किटमधील जास्तीचे सुटे भाग ही चैन नव्हे. भेटीचा तोच मुख्य भाग होय.

पुढच्या आठवड्यात तिने टाकी भरल्याची सूचना देणारा बझर बनवला. टाकीच्या वरच्या कडेशी दोन उघड्या तारा सोडल्या. पाणी दोन्ही तारांना टेकले की पाण्यातून अगदी थोडा प्रवाह ट्रान्झिस्टरच्या बेसपर्यंत पोहोचतो, ट्रान्झिस्टर सुरू होतो आणि बझर वाजतो. काही आठवड्यांनी एक तार झिजून हिरवी पडली. पाण्यातून एकाच दिशेने प्रवाह वाहत राहिला की धन टोकाचे तांबे विरघळत जाते, हे तिने पुस्तकात शोधून काढले आणि तारांच्या जागी स्टीलचे दोन जुने चमचे लावले. ते अधिक टिकले. शेजारच्या काकूंनी तसाच बझर मागितला, तेव्हा तिने तो बनवून दिला आणि काकूंच्या मुलीला वहीच्या पानावर नकाशाही काढून दिला. तो नकाशा देताना तिला कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही. माझ्या दृष्टीने भेट त्या दिवशी पोहोचली.

आपल्या महाराष्ट्रात ही वाट नवी नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने काम करता करता शिकण्याला शिक्षणात मानाचे स्थान दिले. अमेरिकेतील एमआयटीच्या बाहेर ज्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅब उभ्या राहिल्या, त्यांतील एक २००२ साली पाबळलाच उभी राहिली. ग्रामीण मुलांना हे झेपेल का, ही शंका म्हणूनच आता कोणी काढू नये.

प्रश्न उरतो तो देण्याच्या पद्धतीचा. ब्रिटनमध्ये २०१५ साली बीबीसीने मायक्रोबिट हा छोटा संगणक-बोर्ड अकरा-बारा वर्षांच्या १० लाखांपर्यंत मुलांना मोफत देण्याचे ठरवले. तो पहिल्या क्रमांकाच्या मुलांसाठी राखून ठेवलेला नव्हता. वर्गातल्या प्रत्येकासाठी होता. आपणही वसतिगृहाला काही देताना बक्षीस म्हणून एकाला मोठा संच देण्याऐवजी चार मुलांत एक साधी पेटी द्यावी. पेटीत जास्तीचे एलईडी, रेझिस्टर आणि एक स्वस्त मल्टिमीटर असावा. मराठीत छापलेला नकाशा असावा. संगणक पुरेसे नसतील तेथे आधी बॅटरीवर चालणारे किट द्यावे आणि बोर्ड दुसऱ्या वर्षी द्यावा. बोर्ड देताना त्याची यूएसबी केबल सोबत आहे ना, हे तपासावे. त्या एका केबलअभावी संच पडून राहतात. सोल्डरिंग करताना मोठे माणूस जवळ असावे, खिडकी उघडी असावी, डोळ्यांवर चष्मा असावा आणि काम झाल्यावर हात धुवावेत. २३० व्होल्टच्या घरगुती विजेला मुलांनी हात घालू नये. ही एक मनाई मात्र कायम ठेवावी.

आणि पेटी कपाटात कुलूप लावून ठेवली जाणार नाही, याची काळजी देणाऱ्यानेच घ्यावी. त्यासाठी सुट्टीतील एक दिवस मुलांबरोबर जमिनीवर बसून घालवावा लागतो. सुटे भाग संपले की पुन्हा पाठवावे लागतात. ते संपले याचा अर्थ पेटी वापरली गेली, हे ध्यानात ठेवून ते आनंदाने पाठवावेत. माजी विद्यार्थ्यांपैकी जे या क्षेत्रात आहेत त्यांनी येत्या दिवाळीच्या सुट्टीत आपापल्या जुन्या वसतिगृहात अशी एकेक पेटी घेऊन जावे, ही माझी विनंती आहे.