धूर नव्हे, वाफ!

मी जन्मात एकदाच कायद्याला विरोध केला, आणि तोही सोसायटीच्या. बँकेतल्या कारकुनाला विरोधाची सवय नसते. वरून सर्क्युलर आलं की त्यावर सही करायची आणि ते फाइलला लावायचं. मजकूर कळलाच पाहिजे अशी सक्ती नाही. सही मात्र पाहिजे. त्यामुळे सप्टेंबर २०१६ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी उभा राहून "या ठरावाला माझा विरोध आहे" असं म्हणालो, तेव्हा शेजारी बसलेल्या आमच्या हिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू कुणी चुकून आमच्या खात्यात पाच लाख जमा केलेत.

ठराव क्रमांक सात असा होता: "सोसायटीचे कार्यालय, जिना, लिफ्ट व गच्ची या ठिकाणी विजेवर चालणारी सिगारेट ओढण्यास सक्त मनाई करण्यात येत आहे. उल्लंघन करणाऱ्यास रु. २०० दंड." आता आमची डोंबिवलीतली सोसायटी चोवीस बिऱ्हाडांची. त्यात विजेवरची सिगारेट ओढणारा इसम एकच, दुसऱ्या मजल्यावरचे अण्णा. म्हणजे ठरावात सरळ "अण्णांस मनाई करण्यात येत आहे" असं लिहिलं असतं तरी शाईच वाचली असती.

अण्णा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. एकेचाळीस वर्षं त्यांनी सिगारेट ओढली. सोडण्याचे प्रयोगही तितकीच वर्षं चालले होते. काकूंनी वेलदोडे दिले, लवंगा दिल्या, बडीशेप दिली, शेवटी शपथ दिली. अण्णांनी वेलदोडे खाल्ले, लवंगा खाल्ल्या, बडीशेप खाल्ली आणि शपथही खाल्ली. मग वर एक सिगारेट ओढली. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली, तेव्हा आमच्या सेक्रेटरींनी त्याच दिवशी सोसायटीच्या ऑफिसात पाटी ठोकली. नियमाप्रमाणे पाटी किमान साठ सेंटिमीटर बाय तीस सेंटिमीटर हवी. सेक्रेटरींनी ती फूटपट्टीनं मोजून घेतली आणि पेंटरचे दहा रुपये कापले. गांधीजयंतीचा दिवस असल्यामुळे अण्णांनीही अहिंसक मार्ग पत्करला. ते समोरच्या पानाच्या टपरीवर जाऊ लागले.

२०१४ च्या हिवाळ्यात अण्णांच्या छातीनं संप पुकारला. आठ दिवस हॉस्पिटल, नाकात नळी. मी भेटायला गेलो तर त्या नळीकडे बोट दाखवून म्हणाले, "हिला चव नाही रे." हसावं की रडावं मला समजेना. पुढच्या वर्षी त्यांची मुलगी न्यू जर्सीहून आली. तिनं बापासाठी जर्किन आणलं नाही, चॉकलेटं आणली नाहीत. फाउंटन पेनासारखं एक यंत्र आणलं. त्यात औषधाच्या बाटलीतून थेंब थेंब द्रव घालायचा, मोबाइलशेजारी चार्जिंगला लावायचं आणि ओढायचं. धूर येतो तसंच काहीतरी येतं, वास मात्र पुदिन्याचा.

"हे म्हणजे धूरच की," मी म्हणालो.

"धूर नव्हे, वाफ!" अण्णा म्हणाले. हे वाक्य त्यानंतर मी किमान हजार वेळा ऐकलं असेल.

ती नुसती वाफही नव्हे, हे मला पुढे अभ्यासांती कळलं. त्या द्रवात प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरिन असतं, निकोटिन असतं, वासाचं काहीतरी असतं. यातलं प्रॉपिलिन ग्लायकॉल नाटकवाले रंगमंचावर धुकं सोडायला वापरतात. हे यंत्र आजच्या रूपात आणलं ते चीनमधल्या होन लिक नावाच्या औषधतज्ज्ञानं, २००३ च्या सुमारास. तो स्वतः दांडगा सिगारेटबाज आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगानं गेलेले. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ ते पेन हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "बापासाठी उशीर झाला म्हणायचा." एवढं मात्र खरं, की सहा महिन्यांत अण्णा एकही सिगारेट प्यायले नाहीत, आणि काकूंनी पडदे धुवून पुन्हा लावले ते पांढरेच राहिले.

आता माझ्या विरोधाचं खरं कारण सांगून टाकतो. तत्त्व वगैरे काही नव्हतं, मेंढीकोट होता. रोज रात्री साडेआठ ते दहा सोसायटीच्या ऑफिसात आमचा चौघांचा डाव बसे: अण्णा, मी, निवृत्त मास्तर आणि सोसायटीचे खजिनदार. अण्णा माझे भिडू. हुकमाची दश्शी हातात असली की ते पेनचा एक झुरका घ्यायचे. मी ती खूण पाठ केली होती. दर दहा मिनिटांनी भिडूच खाली टपरीवर जाऊ लागला तर मेंढीकोट खेळायचा कुणाशी? पाटीशी?

ठराव मांडणाऱ्या होत्या चौथ्या मजल्यावरच्या वहिनी. त्यांच्या मुलाला दमा होता. संध्याकाळी पोरं ऑफिसात कॅरम खेळायची आणि कधीकधी आमचा डाव लवकर सुरू व्हायचा. वहिनी भांडखोर मुळीच नव्हत्या. त्यांनी आधी अण्णांना, नंतर मला सांगून पाहिलं होतं. आम्ही दोघांनीही "धूर नव्हे, वाफ" एवढंच उत्तर दिलं होतं. ते आता आठवलं की जरा ओशाळल्यासारखं होतं.

सभेला पंधरा दिवस होते. मी वकिली थाटात तयारीला लागलो. अण्णांच्या मुलीला कळवलं, की तिकडच्या प्रगत देशात याबाबत काय कायदे आहेत ते ताबडतोब पाठव. अमेरिकेत अण्णांसारख्यांना मुभा असणार याबद्दल मला काडीची शंका नव्हती. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळाच त्यांच्या दारात उभा! उत्तर आलं ते वाचून मी पलंगावर बसलो. न्यू जर्सी राज्यानं २०१० सालीच घरबंद सार्वजनिक जागांत ही सिगारेट बंद केलेली. न्यूयॉर्क शहराच्या कौन्सिलनं डिसेंबर २०१३ मध्ये ४३ विरुद्ध ८ मतांनी तेच केलं आणि २९ एप्रिल २०१४ पासून अंमल सुरू. त्याच दिवसापासून शिकागोतही. लॉस एंजेलिसनं तर एकमतानं. मी मागवलेला दारूगोळा सगळा शत्रूच्याच मापाचा निघाला.

"आठ जण विरोधात होते ना?" अण्णा म्हणाले. "मग आठ काही कमी नाहीत. आपण दोघंच आहोत."

मग मी इंग्लंडकडे वळलो. तिथल्या सरकारी आरोग्य खात्यानं ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर केलं होतं, की ही वस्तू सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक आहे. मला आनंदानं भरून आलं. पुढे वाचलं तर त्या ९५ टक्क्यांवरून तिथल्या डॉक्टरांतच जुंपली होती. जागतिक आरोग्य संघटनेनं तर त्याच्या आदल्याच वर्षी सांगितलं होतं, की शेजारच्याला या वाफेनं अपाय होत नाही हे सिद्ध होईपर्यंत ती घरबंद जागेत ओढू देऊ नका. बँकेत असं दोन बाजूंचं जमलं नाही की आम्ही फरक सस्पेन्स खात्यात टाकून घरी जातो. सभेत तशी सोय नव्हती.

राहिला आपला कायदा. २००३ च्या तंबाखू कायद्यात धूम्रपान म्हणजे तंबाखू ओढणं. मग ती सिगारेट असो, विडी असो, नाहीतर नळी किंवा इतर साधनानं ओढलेली असो. या "इतर साधना"वर सेक्रेटरींनी बोट ठेवलं. मी "तंबाखू" या शब्दावर बोट ठेवलं. एकाच वाक्यावर आम्हा दोघांची दोन बोटं अर्धा तास होती.

सभेत मात्र मी बरा बोललो. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या तोंडून कुठल्याही सर्क्युलरमध्ये नसलेली वाक्यं बाहेर पडली. मी म्हणालो, "अण्णा सिगारेट सोडताहेत. त्यांना तुम्ही कुठे पाठवताय? टपरीवर! म्हणजे जिथे सिगारेटी विकतात, सिगारेटी पेटवतात आणि 'घ्या हो अण्णा, एक' म्हणतात, तिथे. एकादशी करणाऱ्या माणसाला तुम्ही मिसळीच्या हॉटेलात बसवून 'इथे बसून राजगिऱ्याचा लाडू खा' म्हणता. सिगारेट आणि हे यंत्र एकाच पाटीखाली आणलंत, तर माणसानं सिगारेट सोडायची ती कशासाठी?" मास्तरांनी टाळी वाजवली. खजिनदारांनी ती इतिवृत्तात घेतली नाही.

तेव्हा वहिनी उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "अण्णांनी सिगारेट सोडली याचा मलाही आनंद आहे. पण ती वाफ निर्धोक आहे की नाही हे अजून मोठमोठ्या लोकांचंच ठरत नाही, असं तुम्हीच सांगितलंत. मग ते ठरेपर्यंत माझ्या मुलानं श्वास रोखून धरायचा का?"

माझ्या वहीत याचं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मतदान झालं. इथे एक तांत्रिक बाब सांगणं भाग आहे. आमचा फ्लॅट हिच्या नावावर आहे. मी नुसता सहयोगी सभासद. मूळ सभासद हजर असला की सहयोग्याला मत नाही. भाषण मी केलं, मत हिनं दिलं. ठरावाच्या बाजूनं! घरी येताना मी काहीच बोललो नाही, तर हीच म्हणाली, "अहो, भाषण छान झालं तुमचं." ठराव पंधरा विरुद्ध सहा असा मंजूर झाला. न्यूयॉर्कपेक्षा आमची हार थोडी कमी होती, एवढंच समाधान.

अण्णा आपलं पेन घेऊन टपरीवर जाऊ लागले. पुढे मला त्यांच्याकडे लक्ष देता आलं नाही, कारण ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि माझा मेंढीकोटच काय, जेवणही बंद झालं. रात्री दहा-दहाला घरी येत होतो. डोळे मिटले की जुन्या नोटाच दिसायच्या. जानेवारीत एकदा जरा लवकर सुटलो. टपरीपाशी अण्णा पाठमोरे उभे होते. जवळ गेलो तर पुदिन्याचा वास नाही.

"अण्णा?"

त्यांनी हात मागे नेला. सत्तरीचा माणूस शाळकरी पोरासारखा. "बॅटरी संपली होती रे," म्हणाले. "आजच्या दिवस."

त्या हिवाळ्यात अण्णांची बॅटरी फार वेळा संपली. काकूंनी मला विचारलं तेव्हा मी बँकेतली साक्ष दिली, म्हणजे खरं ते सोडून सगळं सांगितलं.

पुढचं श्रेय वहिनींना. एका संध्याकाळी त्या आमची वाटी परत करायला आल्या. वाटीत शिरा होता. म्हणाल्या, "भावजी, मी अण्णांना टपरीवर पाहिलं. हे मला नको होतं. गच्चीवर टाकीच्या मागची बाजू ठरावातून काढून टाका, मी अनुमोदन देते. तिथे पोरं येत नाहीत." त्या वर्षीच्या सभेत दुरुस्ती दोन मिनिटांत मंजूर झाली, विरोध एकट्या सेक्रेटरींचा, तोही टाकीची बाजू पूर्व की ईशान्य एवढ्यापुरता. आम्ही टाकीमागे बल्ब लावला, चटई टाकली आणि मेंढीकोट वर नेला. वाऱ्यानं पत्ते उडायचे, म्हणून मास्तर खिशातून चार खडे घेऊन यायचे. अण्णांची बॅटरी पुन्हा टिकू लागली. वर्ष-दीड वर्ष आम्ही तिथे राजासारखे होतो.

१८ सप्टेंबर २०१९ ला दिल्लीनं वटहुकूम काढायचं ठरवलं आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, जाहिरात, साठवणूक, सगळं बंद. पुष्कळ शाळकरी मुलांना या पेनाचा नाद लागत होता म्हणे, आणि ते खोटं नसावं. आमच्या बँकेसमोरच्या कॉलेजच्या कट्ट्यावरही ढग दिसायचे. पण अण्णा काही शाळकरी नव्हते. त्यांच्याकडे एक यंत्र आणि दोन बाटल्या शिल्लक होत्या. दोन बाटल्यांना साठा म्हणायचं का, यावर आम्ही टाकीमागे एक अख्खी रात्र घालवली. मास्तरांच्या मते एक म्हणजे वस्तू आणि दोन म्हणजे साठा.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला जिन्यात गाठलं. रुमालात गुंडाळलेलं काहीतरी हातात दिलं. "तुझ्या बँकेत लॉकर असतात ना? ठेव तिथे. कधीतरी परत सुरू झालं तर..."

"अण्णा, साठवणुकीला सहा महिने कैद, नाहीतर पन्नास हजार दंड!"

"आणि टपरीवरचं पाकीट?"

"ते कायदेशीर आहे."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग रुमाल खिशात घातला आणि जिना चढून गेले. त्या रुमालाचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. बँकेतल्या माणसानं काही गोष्टी माहीत करून घेऊ नयेत.

ठराव क्रमांक सात दुरुस्तीसकट आमच्या नियमांच्या पुस्तकात अजून आहे. सेक्रेटरी दर वर्षी तो वाचून दाखवतात आणि नवे भाडेकरू विजेवरची सिगारेट म्हणजे काय म्हणून एकमेकांना विचारतात. वहिनींचा मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे. चौथा भिडू कमी असला की तोच बसतो, खजिनदारांपेक्षा बरा खेळतो. अण्णा खिशात वेलदोडे ठेवतात. कधी डाव रंगात असताना म्हणतात, "जरा आलो हं, बॅटरी संपली," आणि खाली जातात. पाऊस असला तर छत्री घेऊन. जाताना पत्ते उलटे ठेवून जातात. मी ते बघत नाही. मास्तर बघतात.