प्रीतिसंगम : इथे बसायचे पैसे पडत नाहीत!

पुणे-कोल्हापूर हायवेवरचा आपला वीकेंड कसा ठरलेला असतो. शुक्रवारी रात्री ग्रुपवर प्लॅन, शनिवारी पहाटे खंबाटकी घाट, साताऱ्याच्या आसपास मिसळ, कंदी पेढ्यांचा बॉक्स आणि मग थेट कोल्हापूर. अंबाबाईचं दर्शन, तांबडा-पांढरा, चपला, फोटो. रविवारी रात्री परत. आणि सातारा ते कोल्हापूरच्या मध्ये काय? तर काचेबाहेरचा ऊस!

त्या उसातच माझं गाव आहे, उंब्रज. सातारा सोडल्यावर अर्ध्या-पाऊण तासात बोर्ड दिसतो आणि तुम्ही तो वाचेपर्यंत गाव मागे पडलेलं असतं. तारळी नदी इथे कृष्णेला मिळते. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक आमच्याकडे आहे. इथूनच चाफळच्या रामाला आणि पालच्या खंडोबाला जायचे रस्ते फुटतात. एवढं सगळं आहे, पण संध्याकाळी निवांत फिरायला जावं अशी मोठी बाग? त्यासाठी उंब्रजकर सतरा-अठरा किलोमीटर पुढे जातात, कराडला. लहानपणी ‘बागेत जायचं’ म्हटलं की आमच्याकडे एकच अर्थ असायचा, प्रीतिसंगम.

गेल्या हिवाळ्यात मी तिथे बऱ्याच वर्षांनी गेले. आणि खरं सांगायचं तर फिरायला नाही, एका मिशनवर! बाबा गेल्यापासून आई उंब्रजच्या घरी एकटी राहते. गुडघा कुरकुरतोय, रात्री-अपरात्री काही झालं तर काय, हे टेन्शन दादाला आणि मला दोघांनाही. तिला पुण्याला आणायचं हे आम्ही फोनवर ठरवून टाकलं होतं. फ्लॅटमधली एक खोली रिकामी केली, तिच्यासाठी वेगळा टीव्हीसुद्धा बघून ठेवला. आता फक्त तिचा होकार बाकी होता. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “उद्या कराडला जाऊ. तिथं सांगते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी एसटी पकडली. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोघींचं मिळून एक फुल तिकीट! कराडच्या स्टँडवर उतरलं की गजबज अंगावर येते. क्लासेसचे फ्लेक्स, मोबाइलची दुकानं, मेडिकल, रिक्षावाल्यांच्या हाका, त्यातून वाट काढणारा उसाचा ट्रॅक्टर. पण रिक्षाने जुन्या पेठांमधून घाटाकडे निघालात की आवाज एकेक करून मागे पडतो. मग झाडं येतात, हिरवळ येते, दगडी पायऱ्या येतात. आणि समोर एकदम दोन नद्या!

आता इथे थोडा भूगोल, पण बोअर होणार नाही, प्रॉमिस. कृष्णा आणि कोयना, दोघींचा उगम महाबळेश्वरचा. कृष्णा वाईवरून, साताऱ्याच्या कडेने येते. तिसरी बहीण वेण्णा तिला साताऱ्याजवळ माहुलीलाच भेटते. कोयना मात्र डोंगराच्या पलीकडून निघते, दक्षिणेला बरंच अंतर कापते, मग हेळवाकजवळ पूर्वेला वळून पाटणमार्गे कराडला पोचते. सहसा एक नदी दुसरीला बाजूने येऊन मिळते. इथे दोघी चक्क समोरासमोर येतात आणि मग एकत्र होऊन काटकोनात वळून पूर्वेला जातात. म्हणून हा ‘प्रीतिसंगम’. माझ्या आईचं एक्स्प्लनेशन जास्त सोपं आहे. “दोघी एका माहेरच्या. लांब लांब दिल्या, आणि इथं भेटल्या.”

यातली कोयना तर तुमच्या-माझ्या ओळखीची आहे. हेळवाकच्या वर १९६४ मध्ये पूर्ण झालेलं कोयना धरण आहे. त्याचं बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला, कोकणाच्या बाजूला उतरतं आणि सुमारे १,९६० मेगावॅट क्षमतेची वीजघरं चालवतं. म्हणजे रात्री दोन वाजता आपला लॅपटॉप चार्जिंगला लागतो, त्यात हिचाही थोडा वाटा असतो. कराडला येते ती उरलेली कोयना. तरीही केवढी रुंद!

याच संगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. जन्म १९१३ चा, देवराष्ट्रे गावचा, म्हणजे आताच्या सांगली जिल्ह्यातला. शाळा कराडच्या टिळक हायस्कुलात. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा ते पहिले मुख्यमंत्री, १९६२ मध्ये चीनच्या युद्धानंतर देशाचे संरक्षणमंत्री. २५ नोव्हेंबर १९८४ ला ते गेले. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव ‘कृष्णाकाठ’ आहे आणि त्यांची समाधीही कृष्णाकाठीच. दर २५ नोव्हेंबरला सगळ्या पक्षांचे नेते इथे येतात. २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३ जुलैला शरद पवार आले ते इथेच. त्या दिवशी टीव्हीवर तुम्हीही ही जागा पाहिली असणार.

पण कॅमेरे नसतात तेव्हा काय असतं, ते जास्त भारी आहे. समाधीपासून थोड्या अंतरावर दोन पोरं गवतावर एमपीएससीची पुस्तकं पसरून एकमेकांना प्रश्न विचारत होती. एक नवं जोडपं, मध्ये एक फूट अंतर ठेवून, अजिबात न बोलता बसलेलं. शाळेची सहल रांग मोडून पाण्याकडे पळत होती आणि मागे बाई ओरडत होत्या. हातगाडीवर भेळ होती, पण “घ्या ताई” म्हणून कुणी मागे लागत नव्हतं. पाण्यावर बगळे होते, पलीकडच्या काठावर म्हशी. बाकी काही नाही. समाधीपाशी जायला तिकीट लागत नाही आणि पायरीवर किती वेळ बसलात, हे कुणी घड्याळ लावून बघत नाही.

आणि आई? तिची तर इथे गँग निघाली! एक मसूरची, एक कराडातलीच, एक तिची शाळेतली मैत्रीण. दर गुरुवारी या चौघी घाटाच्या त्याच पायरीवर भेटतात. पुडीतल्या शेंगा, सुनांच्या तक्रारी, गुडघ्यांची औषधं, कृष्णामाईच्या देवळात एक चक्कर आणि अंधार पडायच्या आत परत. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. फोनवर ती मला रोज फक्त “जेवलीस का?” एवढंच विचारायची.

मैत्रिणी उठून गेल्यावर मी विषय काढला. ती नदीकडे बघतच बोलली. “मागं आले होते ना तुझ्याकडं? खाली बागेत बसले, तर वॉचमन म्हणाला, आजी, कुठल्या फ्लॅटच्या? नंबर आठवेना मला. मग वरच बसायला लागले.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्यात बागा नाहीत असं नाही. सारसबाग आहे, संभाजी उद्यान आहे, एम्प्रेस गार्डन आहे. पण आम्ही राहतो त्या बाजूला बाग म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवरचं लॉन आणि ‘फक्त रहिवाशांसाठी’ असा बोर्ड. मला स्वतःला दोन तास कुठे बसायचं असलं तर मी अडीचशे रुपयांची कॉफी घेते, ती संपली की वेटरची नजर चुकवते. आपण त्याला ‘हँगआउट’ म्हणतो. आईला मी खोली देत होते, टीव्ही देत होते, पंधरा मिनिटांत डॉक्टर देत होते. आणि बदल्यात तिची पायरी काढून घेत होते.

पण गुडघा खरा होता, एकटेपणाची रात्रही खरी होती. ते तिलाही माहीत होतं. मग तिनेच डील काढली. “पावसाळ्यात पायऱ्या पाण्याखाली जातात. तेवढे चार महिने मी पुण्याला. पाणी उतरलं की परत इथं.” वर एक अट आमच्या बाजूने, घराची एक किल्ली शेजारच्या काकूंकडे आणि रोज रात्री नऊला फोन. दादाला लगेच फोन लावला. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “म्हणजे आता रजेचं कॅलेंडर नदीला विचारून लावायचं!”

तर मंडळी, पुढच्या वेळी कोल्हापूरला जाताना हायवे सोडून दोन तास कराडला द्या. आणि आपल्या घरातली मोठी माणसं कुठे जाऊन बसतात, हे त्यांना एकदा विचारा. त्यांची खोली रिकामी करायच्या आधी.

कसं जाल? : पुण्याहून कराड सुमारे १६० किलोमीटर. एसटी सोयीची. रेल्वेने आलात तर स्टेशन गावाबाहेर ओगलेवाडीला आहे. तीच ती प्रभाकर कंदिलांची ओगलेवाडी!

कधी जाल? : पावसाळा संपल्यावर, ऊन उतरताना. शांतता हवी असेल तर २५ नोव्हेंबर टाळा.

आणखी काय? : यशवंतरावांचा ग्रंथसंग्रह असलेलं वेणूताई चव्हाण स्मारक आणि जवळची आगाशिवची लेणी. पाण्यात उतरायची हौस मात्र नको, संगमाच्या प्रवाहाचा अंदाज येत नाही. आणि भेळेचा कागद प्लीज डब्यातच टाका.