दोन वेळचे जेवण आणि एक गोळी

इंदूर शहरात राहून उपाशीपोटाची गोष्ट सांगू लागल्यास ऐकणाऱ्यास हसू येणारच. आम्ही मूळचे वसईकडील. नोकरीच्या निमित्ताने इकडे आलो आणि तीस वर्षांपूर्वी राजेंद्रनगरात घर केले. या वस्तीत मराठी कुटुंबे इतकी, की दुकानदाराशी मराठीत बोलूनही पुष्कळदा काम भागते. परंतु खाण्याच्या बाबतीत येथील मराठी माणूस पुरता इंदुरी होऊन गेला आहे. सकाळी शेव व जीरावन घातलेले पोहे आणि त्यांच्या जोडीस जिलेबी. रात्री सराफ्यातील सोनारांची दुकाने बंद झाली की त्यांच्याच दारांपुढे भुट्ट्याचा कीस, दहीवडे आणि थंडीच्या दिवसांत तळलेला गराडू. मध्यरात्र उलटली तरी तेथील गर्दी हटत नाही. पाहुण्यास सराफा दाखविला नाही तर पाहुणचार पुरा झाला असे कोणी मानीत नाही, आणि आमच्याकडे पाहुणे फार येत.

त्याचे फळ आमच्या कमरेभोवती जमा झाले. वजन 84 किलो, कमरेचा घेर 101 सेंटीमीटर, आणि पाच वर्षांपासून रक्तात साखर. भारतीय पुरुषाची कंबर 90 च्या आत असावी व स्त्रीची 80 च्या आत, असे डॉक्टर सांगतात. आमच्यापेक्षा जाड माणसे आम्ही रोज पाहत होतो, म्हणून हा हिशेब आम्हांस कडक वाटे. परंतु पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेली एक जोडी येथे आठवण्यासारखी आहे. एका बाजूस ते स्वतः, दुसऱ्या बाजूस त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. मात्र शरीरातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज गृहस्थांच्या अंगी 9.1 टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या अंगी 21.2 टक्के! बाहेरून बारीक दिसणारा आपला माणूस आतून बारीक असतोच असे नाही.

अशा वेळी एका स्नेह्याने आम्हांस डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे व्याख्यान ऐकविले. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार, जे 2004 साली अपघातात निवर्तले, त्यांच्या एका भाषणातून दीक्षितांना ही वाट सापडली. खरी भूक लागते त्या दोन वेळा ओळखाव्यात, तेव्हाच जेवावे, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटोपावे, मध्ये पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा यांपलीकडे काही घेऊ नये, आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. आपण खातो त्या प्रत्येक वेळी अंगात इन्शुलिन सुटते व ते असेतो चरबी वितळत नाही, म्हणून खाण्याच्या वेळा कमी कराव्यात, असे त्यामागील तत्त्व. पैसा लागत नाही, औषध लागत नाही. महाराष्ट्रात खेडोपाडी लोकांनी ही पद्धत उचलली ती उगीच नव्हे.

आम्ही ती गतवर्षी राखेच्या बुधवारी उचलली. मनात म्हटले, प्रायश्चित्तकाळाचा उपवासही होईल आणि पोटही उतरेल. हा हिशेब आम्हांस तेव्हा मोठा चतुर वाटला. आमची आजी 1953 पूर्वीच्या नियमाने मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेता पहाटे मिस्साला चालत जाई. पुढे पाण्याची सूट मिळाली, 1957 मध्ये उपवास तीन तासांवर आला आणि 1964 मध्ये एका तासावर. किती तास झाले हे तिने कधी कोणास सांगितल्याचे आम्हांस स्मरत नाही. आम्ही मात्र भ्रमणध्वनीवर तास मोजीत होतो आणि भेटेल त्यास आकडा सांगत होतो. आठवड्यातून दोनदा उपवास करणारा शुभवर्तमानातील परूशी आमच्यापुढे काहीच नव्हे; आम्ही रोज करीत होतो!

त्यातच होळी आली. दुपारी चारच्या सुमारास शेजारच्या काकू ताटात चार पुरणपोळ्या झाकून घेऊन आल्या. “भाऊ, गरम आहेत तोवर घ्या,” म्हणाल्या. आमचे जेवण साडेअकराला झालेले, पुढचे सातला. आम्ही दारातच त्यांस इन्शुलिनचे तत्त्व समजावून सांगितले. काकूंनी ते शांतपणे ऐकले आणि ताट तसेच परत नेले. त्या विधवा आहेत, एकट्या राहतात; चार पोळ्या त्यांनी स्वतःसाठी नक्कीच लाटल्या नव्हत्या. पत्नी स्वयंपाकघरातून पाहत होती. ती एवढेच म्हणाली, “अहो, उपवास तुमचा, पण ताट त्यांचे परत गेले.”

त्याच आठवड्यात आमचा भाचा वसईहून आला. तो व्यायामशाळेत शिकवितो. नुसते चालणे हा म्हाताऱ्यांचा व्यायाम, असे त्याचे मत. जपानच्या इझुमी ताबाता यांनी 1996 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचे तो स्तोत्र गातो: 20 सेकंद जीव तोडून श्रम, 10 सेकंद विसावा, अशी सात-आठ आवर्तने, म्हणजे चार मिनिटांत सारे संपले. प्रयोग खरा आहे. फक्त तो धडधाकट तरुणांवर झाला होता आणि आमचे वय 64 आहे, हा तपशील दोघांनीही विचारात घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही राजेंद्रनगर स्टेशनाच्या बाजूस निघालो. नित्याप्रमाणे न्याहारीपूर्वीची साखरेची गोळी घेतली होती. न्याहारी मात्र महिन्यापूर्वीच बंद केली होती. भाच्याने सांगितल्याप्रमाणे पळालो, थांबलो, पुन्हा पळालो. पाचव्या खेपेस हात थरथरू लागले, अंगास थंड घाम फुटला आणि समोरचे झाड दोन दिसू लागले. पुढचे नीट आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा आम्ही एका पोहेवाल्याच्या बाकावर होतो. गेले महिनाभर आम्ही ज्याच्या गाडीवरून ताठ मानेने, न थांबता जात होतो, तोच हा. त्याने पेल्यात साखर ढवळून आमच्या ओठांशी धरली होती. “बाबूजी, पहले ये पी लो, बात बाद में।” त्याच्या वडिलांनाही साखरेचा आजार होता, म्हणून त्याने लक्षण ओळखले. रुग्णालयात पोचल्यावर, म्हणजे ती साखर पोटात गेल्यानंतरही, आमच्या रक्तातील साखर 62 भरली.

डॉक्टर रागावले, आणि रागावण्याचा त्यांस अधिकार होता, कारण आम्ही त्यांस काहीच विचारले नव्हते. त्यांनी सांगितले ते प्रत्येक घरी ठाऊक असावे असे आम्हांस वाटते. आमची गोळी ग्लिमेपिराइडची. ती स्वादुपिंडास इन्शुलिन सोडावयास लावते. तुम्ही जेवला आहात की नाही, हे तिला कळत नाही. पोटात अन्न नसले आणि वर जोराचा व्यायाम केला, तर रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली जाते. इन्शुलिन टोचून घेणाऱ्यांसही हेच भय. मेटफॉर्मिन ही गोळी एकटी असता हा धोका फार कमी असतो. म्हणून उपवासाची कोणतीही पद्धत सुरू करण्याआधी गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवावी. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि वाढत्या मुलांनी तर या वाटेस जाऊच नये. दीक्षितही आरंभी रक्ततपासणी करावयास सांगतात. तो भाग आम्ही घाईत सोडून दिला, हा दोष आमचा. घाम, थरथर, गोंधळ ही लक्षणे दिसताच, माणूस गिळण्याइतका शुद्धीवर असल्यास, तीन चमचे साखर पाण्यात द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नये.

मग ही पद्धत खोटी का? तसे नव्हे. चीनमधील ग्वांगझू येथे 139 स्थूल माणसांवर वर्षभर प्रयोग झाला. 2022 साली तो प्रसिद्ध झाला. सर्वांना सारखेच कमी अन्न सांगितले होते. निम्म्यांनी ते सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळेत खाल्ले, इतरांनी हवे तेव्हा. वर्षअखेरीस पहिल्यांचे वजन सरासरीने 8 किलो उतरले, दुसऱ्यांचे 6.3. हा फरक इतका नव्हता की घड्याळाची करामत म्हणता येईल. आम्हांस यातून एवढेच उमगते की खाण्याच्या वेळा आखल्याने गुण येतो तो मुख्यतः वरकड खाणे सुटते म्हणून. आमच्या बाबतीत ते वरकड म्हणजे सराफा. दुपारचे जेवण नव्हे.

डॉक्टरांनी गोळीचे प्रमाण बदलले. न्याहारी थोडी, पण परत सुरू झाली. रात्रीचे जेवण साडेसातला, त्यानंतर काही नाही. जलद व्यायामासही त्यांनी हृदयाची तपासणी करून मोकळीक दिली, मात्र भाच्याच्या रीतीने नव्हे. जपानमधील मात्सुमोतो येथे डॉ. हिरोशी नोसे व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढ व वृद्ध माणसांसाठी एक रीत बसविली आहे: तीन मिनिटे झपाझप चालावे, इतके की बोलताना दम लागावा, मग तीन मिनिटे रमतगमत, अशी पाच आवर्तने, आठवड्यातून चार दिवस. संथपणे तेवढेच चालणाऱ्यांपेक्षा या लोकांच्या पायांतील बळ अधिक वाढले व रक्तदाब अधिक उतरला, असे त्यांनी 2007 साली दाखविले. आमच्या गावी विहिरीचे पाणी शेंदणारी माणसे दुसरे काय करीत? चार घागरी जोराने ओढायच्या, कठड्याला टेकून श्वास घ्यायचा, पुन्हा चार घागरी. आता पंप आले, आणि लग्नाची जेवणे मात्र पूर्वीहून वाढली आहेत.

सात महिन्यांत वजन 84 चे 79 झाले आणि तेथेच अडकून बसले आहे. कंबर 95. भाचा म्हणतो, फारच थोडे. डॉक्टर म्हणतात, चालू द्या.

यंदा होळीला आम्हीच साडेअकराच्या सुमारास काकूंकडे गेलो. आमच्या वेळी येथे येऊन जेवा म्हणून पत्नीने त्यांस आदल्या दिवशीच बोलावणे केले होते. त्यांनी उलट आम्हांसच आपल्याकडे बोलाविले. आम्ही भात सोडला आणि अर्धी पुरणपोळी घेतली. काकूंनी तिच्यावर तूप वाढताना विचारले, “भाऊ, या वेळी चालते ना?” पत्नीने आमच्याआधीच “चालते” म्हणून सांगितले.