तरवडाचे बी

जालन्याहून दक्षिणेकडे निघालेली एस. टी. अंबडजवळ आली, की मोसंबीच्या बागांपलीकडे टेकडी दिसू लागते. तिचा आकार माशासारखा, म्हणून वरच्या देवीचे नाव मत्स्योदरी, असे सांगतात. नवरात्रात येथे मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत घरोघरी घट बसतात. शेतातली काळी माती आणून तीत धान्य पेरायचे आणि वर रोज फुलांची माळ सोडायची. मराठवाड्यात या माळेत तरवडाच्या पिवळ्याधमक फुलांना मोठा मान.

हा मानकरी राहतो मात्र माळावर नि बांधावर. त्याला कोणी पेरले नाही, पाणी घातले नाही. शेळीदेखील सहसा त्याला तोंड लावत नाही. त्यामुळे कुंपणाचाही खर्च नाही.

पण त्याचे एक देणे आपल्या ध्यानात येत नाही. तरवडाच्या फुलातले परागकोश उभे उकलत नाहीत. त्यांच्या टोकाला बारीक छिद्रे असतात. मोठा काळा भुंगा फुलाला मिठी मारतो, अंग थरथरवून गुणगुणतो आणि त्या थरथरीने पराग बाहेर उडतात. आपल्या मधमाशीला ही विद्या नाही. आता गंमत पाहा, वांग्याच्या फुलाची रचनाही अशीच! म्हणजे शेतात वांग्याला फूल नसते तेव्हा भुंग्याला जगवतो बांधावरचा तरवड, आणि वांगे फुलले की त्याच भुंग्याची गुणगुण फळधारणेच्या कामी येते.

हा बांध आता उघडा पडत चालला आहे. कुठे नांगर त्याला कोरतो, कुठे तणनाशकाची फवारणी होते, कुठे रस्ता रुंद होतो. मग बी आणायचे कोठून? जालना तर बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तेथे ‘महिको’ स्थापन केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कपाशीचे, भेंडीचे बी येथून दूरदूर गेले. पण तरवडाचे पाकीट मागितलेत, तर दुकानदार आपल्या तोंडाकडे पाहत राहील. हे बी आपणच गोळा केले पाहिजे.

काम अवघड नाही. चपट्या शेंगा तपकिरी होऊन वाळल्या, की तोडाव्यात. निम्म्या झाडावरच ठेवाव्यात. बियांचे कवच टणक असते. म्हणून त्या जाड वाळूत चोळाव्यात किंवा गरम पाणी ओतून रात्रभर भिजू द्याव्यात. पहिला चांगला पाऊस झाला, की बांधावर अर्धा इंच खोल टोचाव्यात. जोडीला कुर्डूचे वाळलेले तुरे तळहातावर चोळले, की काळे चकचकीत बी हाती येते. ते मातीत मिसळून वरवर फेकावे. मात्र कुर्डू पिकात शिरला तर तणच ठरतो. त्याला पडीक जागाच द्यावी. आणि जेथे फवारा पोहोचतो तेथे फुले लावू नयेत. ते पाहुण्याला बोलावून विष वाढण्यासारखे होईल.

भुंगा वाळक्या लाकडात घर करतो. तेव्हा बांधावरचे एखादे वठलेले खोड सरपणातून वगळावे.

दिवाळी सरली, की माळावरच्या शेंगा वाळू लागतील. फिरायला निघताना खिशात कागदाची एक पुडी असू द्यावी, एवढेच.