तेलकट वेणी

महागावहून सकाळच्या एस.टी.ने कॉलेजला येणाऱ्या मुलींत माझी वेणी दुरून ओळखू येई. माय दर रविवारी डोक्यावर वाटीभर तेल जिरवायची, त्यामुळे सोमवारी माझ्या कपाळावर उन्हाआधीच चमक असे. पहिल्या वर्षाला असताना बसमध्ये कोणीतरी म्हणाले, "सरका रे, तेलाचा डबा आला." सगळे हसले. मीही हसले.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीत लिहिण्यासारखे काय? पण आमच्याकडे आज्याच्या वेळेपर्यंत घाणा होता. डोळ्यांना झापड लावलेला बैल गोल गोल फिरायचा, उखळात लाट कुरकुरायची आणि तीळ, जवस, करडई यांचे तेल निघायचे. ढेप गावातल्या गाईम्हशी खायच्या. पुढे गिरणीचे स्वस्त तेल आले आणि घाणा थांबला. बैल विकला. उखळ अजून अंगणात आहे. पावसाळ्यात त्यात पाणी साचते आणि कोंबड्या ते पितात. म्हणून तो 'डबा' माझ्या वेणीलाच नव्हे, घरालाही लागला.

त्या रविवारी माय वाटी कोमट करून बसली. मी म्हटले, "मले नको लावू. वास येते."

"तेलाचा, का माह्या हाताचा?" तिने विचारले. मी उत्तर दिले नाही. तिने वाटी कोनाड्यात ठेवली आणि नंतर चार महिने मला हाक मारली नाही.

मी स्टँडवरच्या दुकानातून शाम्पूच्या पुड्या आणू लागले. पहिले दोन-तीन आठवडे केस रेशमासारखे उडत. मला फार आनंद झाला. मग ते वाळलेल्या पऱ्हाटीसारखे झाले. फणीत गुंता येई, टोके फाटत. आमच्या बोअरचे पाणी जड. त्यात साबण फाटतो आणि केसांवर पांढरट थर बसतो. शिकेकाईचे किंवा रिठ्याचे तसे होत नाही, कारण त्यांचा फेस साबणाचा नसतो. हे मायला शाळा न शिकता ठाऊक होते. मला ते पुस्तकातून कळायचे होते.

वाचनालयात बसून मी जरा शोधाशोध केली. पहिली गंमत 'शाम्पू' या शब्दाचीच. तो आपल्याकडच्या 'चांपो'वरून, म्हणजे दाबणे-चोळणे यावरून गेला. पाटण्याचा शेख दीन महंमद याने इंग्लंडात ब्रायटन येथे अशा मालिशीची स्नानगृहे चालवली आणि 1822 मध्ये त्यावर पुस्तकही काढले. म्हणजे मी पुडीत विकत घेत होते त्याचे नाव मायच्या हाताचेच होते!

दुसरी गोष्ट 2003 ची. मुंबईतील रेले आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल केसांवर लावून पाहिले. धुताना केसातले प्रथिन झिजते. ती झीज फक्त खोबरेलाने कमी झाली. त्याचे रेणू लहान आणि सरळ, म्हणून ते केसाच्या आत शिरते. बाकीची दोन तेले बहुतांशी वरच राहतात. (अर्थात खोबरेल बनवणाऱ्या कंपनीतच हे संशोधन झाले, हेही ध्यानात ठेवावे. आणि आमच्या तिळाला त्यांनी परीक्षेलाच बसवले नाही, याचे मला थोडे वाईट वाटले.) तेव्हा न्हाण्याआधी तेल लावायची मायची रीत काही अडाणीपणाची नव्हती. फक्त वाटीभराची गरज नाही. दोन चमचे पुरतात.

परीक्षा संपल्यावर मी कंडिशनरची लहान बाटली घेऊन घरी गेले. मायने थेंबभर बोटांवर चोळून पाहिले. "हे त जास्वंदीच्या पाल्यावानी बुळबुळीत हाय!" ती म्हणाली. खरेच होते. जास्वंदीची पाने वाटून तीही आम्हाला लावायची. मी सांगितले, हे मुळाशी नाही, टोकांनाच लावायचे आणि धुऊन टाकायचे. तिने ऐकले, पण बाटली दिव्याच्या खोबणीत ठेवून दिली.

"वाटी कुठाय?" मी विचारले.

"कायले पायजे?"

मी स्वतःच कोनाड्यातून काढली. शहरात आता लाकडी घाण्याचे तेल दुप्पट-तिप्पट भावाने मिळते. आज्याला सांगितले असते तर तो उखळावर बसून हसला असता. आमच्या वाटीत दुकानातले साधे खोबरेलच होते. थंडीने गोठलेले, म्हणून मी ते चुलीजवळ धरले. माय माझ्यासाठी पाट सरकवू लागली. मी म्हटले, "तू बस."

ती आढेवेढे घेऊन बसली. आजवर तिच्या डोक्याला तेल कोण लावते, हे मी कधी पाहिलेच नव्हते. अंबाडा सोडला. कडेचे केस अजून दाट होते. मधोमध, जिथे चुंबळ बसते, जिथे इतकी वर्षे पाण्याचे हंडे आणि सरपणाचे भारे टेकले, तिथे तळहाताएवढी जागा विरळ होती. मी तिथे बोट ठेवले तशी ती म्हणाली, "तिथं नको लावू वं, वाया जाते."

मी तिथेच आधी लावले.